दोनशे, सगळं ठीक

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
पंखा एकच, तो टीमलीडच्या डोक्यावर.
मी टेस्टर. दूध संस्थांचं ॲप तपासते.
म्हणजे ब्राउझर आपला आपण उघडतो,
सभासद क्रमांक टाकतो, 'बिल दाखवा' दाबतो,
आणि विनंती सर्व्हरकडे निघाली रे निघाली
की मी तिला जिन्यातच गाठते.
कुठं चाललीस? थांब. हे घे उत्तर.

उत्तर मी आधीच लिहून ठेवलंय:
सभासद एकशे चौदा, हौसाबाई गुंडा खोत,
म्हैस, सकाळ, साडेसहा लिटर, फॅट सात पॉइंट दोन,
दहा दिवसांचं बिल तीन हजार सातशे पाच.

हौसाबाई नाहीच कुठं. कधी नव्हती.
तिची म्हैस आटत नाही, फॅट पडत नाही.
रात्री दोनला विचारा, दिवाळीला विचारा,
दोनशे, सगळं ठीक.

पप्पा उद्यमनगरात पॅटर्न करायचे, सागवानाचे.
पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, दातेरी चाक,
सगळं लाकडातलं, पाणी कधी न ओढणारं.
वाळूत दाबायचं, ठोकून सैल करायचं, अलगद उचलायचं,
मागं राहिलेल्या पोकळीत मग बीड.
जेवताना त्यांना माझं काम सांगितलं.
म्हणाले, "म्हंजे लाकडाचा सर्व्हर."
भाकरी मोडली. मग, "श्रिंकेज किती सोडतीस?"
मी नुसतीच बघत राहिले.
"बीड गार होताना आकसतंय. आमची फूटपट्टीच येगळी,
इंचापरास जरा थोरला इंच.
पॅटर्न हुबेहूब केलास, की माल बारका येतोय."

माझं उत्तर तीन मिलिसेकंदात यायचं.
इतक्या लवकर जिवंत कुणी बोलत नाही.
दुसऱ्या दिवशी मी हौसाबाईला अडखळायला शिकवलं:
दोन सेकंद, पाच, कधी पाचशेचा आकडा,
कधी अर्धंच वाक्य, कधी नुसतं काहीच नाही.
चक्र फिरत राहिलं,
बटण दोनदा दाबलं गेलं,
बिल दोनदा निघालं.
तौफिक म्हणाला, "चांगलं चाललेलं बिघडवलंस की."

आणि फेब्रुवारीत सर्व्हरवाल्यांनी
'रक्कम' या खान्याचं नाव 'देय' केलं.
मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
एकशे त्रेचाळीस टेस्ट, सगळ्या हिरव्यागार.
सकाळी शिरोळकडच्या एका संस्थेतून सचिवांचा फोन:
"मॅडम, रुपयाचं चिन्ह दिसतंय, म्होरं आकडाच न्हाई."
मागं कॅन आदळत होते.
एक बाई विचारत होती, किती झालं ओ?
परत विचारत होती.
मग वहीची पानं उलटल्याचा आवाज आला
आणि सचिवांनी बोट ठेवून वाचावं तसं वाचून दाखवलं.
मी फोन कानाला धरूनच एक फेरी चालवली.
हौसाबाई ठाम. तीन हजार सातशे पाच.

तेव्हापासून रोज रात्री एक टेस्ट
मी अडवत नाही. जाऊ देते खऱ्या सर्व्हरपर्यंत.
ती रमतगमत येते, कधी येतच नाही,
आठवड्यातून दोनदा लाल होते विनाकारण.
काढून टाक, म्हणतात सगळे.
पप्पांनी पॅटर्नला एक ओल असायची म्हणून
दर पावसाळ्यानंतर मापं पुन्हा घेतलेली मी पाहिलीत.
काढत नाही.

काल काम संपलं होतं, कंटाळा आला होता.
हौसाबाईच्या फाइलमध्ये गेले,
म्हैस आटवली.
लिटर शून्य, फॅट शून्य, बिल शून्य.
इतक्या वर्षांत हे कुणी तिला होऊच दिलं नव्हतं.
टेस्ट चालवली आणि स्क्रीनकडे बघत बसले.

हिरवी पट्टी. कागदी फुलांचा पाऊस.
'अभिनंदन हौसाबाई! आपलं बिल तयार आहे.'

बग नोंदवला.
तीव्रता: जास्त.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.