काट्याखालचा चिखल

सकाळी सहाला पहिलं काम एकच:
काट्यावर कोणी नसताना
पडद्यावर शून्य आहे का, ते बघायचं.
आज उणे वीस दाखवतोय.
उणे वीस किलो म्हणजे
नेमकं काय हरवलंय इथून?
पांडवलेण्यांच्या डोंगरावर धुकं बसलंय,
त्यालाही ठाऊक नसावं.

अंबडच्या या वजनकाट्यावर मी अकरा वर्षं.
भंगार, पत्रा, कास्टिंगची बुरी.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधली वजाबाकी,
आणि त्या वजाबाकीत
प्रत्येकाला काहीतरी हवं असतं.

"चाळीस किलो, ओहोळ," खैरनार म्हणायचा,
"साठ टनी काट्याला चाळीस किलो
म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी.
तुमचा देव एवढं बारीक मोजतो होय?"
मी म्हणालो, माहीत नाही.
खोटं बोललो.
डोक्याला तेल चोळता चोळता आईनं
तागडीवरचं वचन पाठ करून घेतलं होतं,
चुकलो की केस ओढायची.

ड्रायव्हर माझ्या पाळीला येशूचा काटा म्हणतात
आणि गाडी बाजूला लावून
रात्री दहाची, दुसऱ्या पाळीची, वाट बघतात.
माझ्यामुळे एवढाच फरक पडतो:
चोरीला चार तास उशीर.

पाकीट मात्र खैरनारनं आणलं नाही.
अमोसकाका रणभिसेंनी आणलं.
भंगाराच्या तीन गाड्या त्यांच्या,
देवळातला पहिला बाक त्यांचा,
नाताळचे स्पीकर त्यांनी दिलेले.
शरणपूर रोडच्या सिग्नलला, हेल्मेट न काढता म्हणाले,
"रूथच्या फीसाठी आहे रे. भाऊ म्हणून घे."
मी घेतलं.
हो, घेतलं.
चार दिवस ते तांदळाच्या डब्यात होतं.
सुलभानं पाहिलं, बोलली काही नाही,
फक्त त्या आठवड्यात
दोन्ही वेळ भाकरीच केली.

रविवारी प्रभुभोजनाला
थाळी धरून काकाच उभे होते.
मी बाकावरून उठलो नाही.
शेजारच्या मनोरमाबाईंना वाटलं, गुडघा दुखतोय.
सोमवारी पाकीट परत दिलं.
काका नोटा मोजत म्हणाले, "फार पवित्र झालास."
झालो नव्हतो. भात खावासा वाटत होता.
पुढच्या सभेत कमिटीच्या यादीत माझं नाव नव्हतं,
आणि रूथची फी अजून हप्त्यांनी चाललीय.

काल संध्याकाळी सटाण्याचे कारभारी अहिरे
पावती घेऊन परत आले.
कपाळाला बुक्का, गालात तंबाखू.
"मास्तर, माझी रिकामी गाडी नऊ हजार तीनशे वीस.
यात वीस कमी लागलेत.
म्हणजे माल वीसनं जास्त दिसतोय,
फायदा माझाच.
पण दुसऱ्याच्या पाळीला बोललो नसतो.
तुमचा काटा चुकू नये."

त्यांनी पावती टेबलावर ठेवली, वर चष्म्याची डबी,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
मी नवी पावती लिहिली. अक्षर वाकडं आलं.
अकरा वर्षं मनातल्या मनात समजत होतो,
या हायवेवर सरळ तो मीच.

आता खुरपं घेऊन खड्ड्यात उतरलोय.
काट्याखाली जायचं तर गुडघ्यांवरच जावं लागतं,
तिथं दुसरी वाट नाही.
चिखल, गुटख्याच्या पुड्या, एक गंजका बोल्ट,
कुणा लेकराची एक चप्पल,
प्लेटीला टेकून बसलेला मुठीएवढा दगड.
कुणी मुद्दाम ठेवला नसेल. चाकांबरोबर आला असेल,
रोज थोडा थोडा आत सरकत.
दर पंधरवड्याला खाली बघायचं असतं.
पाकिटानंतर मी एकदाही बघितलं नव्हतं.

वर पहिली गाडी हॉर्न मारतेय.
"किती?" मी खालून विचारतो.
रखवालदार पडद्यापाशी वाकतो.
"उणे पाच, मास्तर! चालेल की!"

थांब जरा.
अजून कोपऱ्यात आहे.