तिरकं उभं राहणं

सोहारला शुक्रवारी पहाटे पाच वाजता
वाळू अजून पायाला सोसते.
स्मेल्टरमागचं मैदान. मैदान कसलं,
सिमेंटच्या भुकटीनं आखलेला चौकोन,
गोलचे खांब म्हणजे आमचेच स्कॅफोल्डिंगचे पाइप.
ते मात्र ओळंब्यात आहेत, मी स्वतः पाहिलेत.

मुबीन पांगारकर, वय बावीस, दापोलीकडचा.
तो पळतो तेव्हा कॅम्पचा कुक
तव्यावरची चपाती सोडून बाहेर येतो.
फॉरवर्ड दहा हात पुढं निघून गेला
तरी हा मागनं येऊन बॉल काढतो
आणि सगळे ओरडतात, वाघ!
मी ओरडत नाही.
मी विचारतो, दहा हात गेलाच कसा?

"पकडला ना, मामा."

पकडलास.
पण उभा होतास छाती पुढं करून,
सताड उघड्या दारासारखा,
नजर बॉलवर, टाचा वाळूत रुतलेल्या.
चूक तिथंच झाली. पळणं नंतरचं.
तुझा वेग तुझी चूक गुपचूप फेडून टाकतो, दरवेळी,
म्हणून तुला कळतच नाही
की तुझ्या नावावर काही थकलंय.

थॉमसकुट्टीला वेग नाही.
वेल्डर, चाळिशीचा, पोट सुटलेलं,
शंभर मीटरमध्ये त्याला एक चहा लागेल.
पण तो अर्ध्या अंगानं उभा राहतो, गुडघे किंचित मोडून,
आणि समोरच्याला लाइनीकडं नेतो
म्हैस गोठ्याकडं वळवावी तसा,
काठी न उगारता.

मीपण मुबीनच होतो, हे त्याला सांगितलेलं नाही.
कोल्हापूर, पेठेच्या तालमीची टीम, अठ्ठ्याण्णवची सेमीफायनल.
घोटा गेला, त्याच्याबरोबर वेग गेला,
आणि खाली बघितलं तर
खाली काहीच नव्हतं.
वस्ताद म्हणायचे, "आधी पाय शिकीव. पळाय काय, कुत्रंबी पळतंय."
मी हसायचो. असाच.

तीन शुक्रवार त्याला बॉल दिला नाही.
नुसतं मागं सरकायचं, तिरकं, बारीक पावलांनी,
समोर मी, माझा वाजणारा गुडघा घेऊन.
वैतागला. "अशानं मी स्लो होईन, मामा."
मला उत्तर सुचलं नाही.
स्कॅफोल्डवर सगळे वरच्या फळीवर चढून फोटो काढतात,
बेसप्लेटचा फोटो मी अजून पाहिलेला नाही,
एवढंच मनात आलं, आणि ते काही उत्तर नव्हे.

मग बंदराच्या टीमशी मॅच.
त्यांचा क्वाबेना, घानाचा, क्रेनवरचा,
मुबीनहून वेगवान. आयुष्यात पहिल्यांदाच
मुबीन मागनं पळाला आणि पोचला नाही.
एक-शून्य.
हाफटाइमला पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेत
तो माझ्याकडं बघत नव्हता.

नंतर, केव्हातरी, उजव्या कोपऱ्यात,
क्वाबेना पुन्हा सुटून आला.
मुबीन पळाला नाही.
तिरका झाला. एक पाऊल मागं. अजून अर्धं.
क्वाबेना थांबला, खांदा हलवला, पुन्हा हलवला,
आणि बॉल वीतभर लांब गेला.
मुबीननं नुसता पाय पुढं केला,
कुणाची तरी पडलेली किल्ली उचलून द्यावी तसा.

टाळी नाही. शिट्टी नाही.
थॉमसकुट्टी तेवढा लांबून काहीतरी मल्याळममध्ये बोलला.
आम्ही एक-शून्यच हरलो.

कॅम्पवर कुकनं ताटात वाढता वाढता विचारलं,
"आज पळाला नाय वाटतं तुमचा वाघ?"
मुबीन म्हणाला, "गरजच पडली नाय,"
आणि दुसरी चपाती मागितली.