दहा सेंटिमीटरची रेघ

एर्झुरुममध्ये सकाळी आठलाही
रस्त्यावरचा बर्फ निळाच असतो.
दुर्सुन उस्ता दारात बूट आपटतो,
गालावरचा हात न काढता बसतो,
आणि भूल चढेपर्यंत बोलत राहतो:
मीही भोकंच पाडतो, डॉक्टर हानुम.
ओल्तूच्या काळ्या दगडात.
खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो,
वारा लागला की कडक.
तेहेतीस मणी, तेहेतीस बोगदे.
एक वाकडा गेला तर माळ बोटांत अडते.

तुमच्या या दाढेत तीन सापडलेत, मी म्हणते,
चौथा असेल तर लपलाय.
तो डोळे मिटून हसतो,
धंद्यातलं काही ऐकल्यासारखा.

नळ्या धुतल्या, कोरड्या केल्या.
आता लिंपण.
ते मी निवडायचं नाही, लिफाफा निवडतो.
आत एक अक्षर: जुनं रेझिन,
नाहीतर ते नवं, चिनीमातीच्या जातीचं,
ओल पिऊन घट्ट होणारं.
मला कळतं. त्याला कळू द्यायचं नाही.
कोणतं भरलंत? तो विचारतो,
अर्धा ओठ बधिर, शब्द लाळेत भिजलेला.
मी हातमोजे काढत राहते.

एक्स-रेवर मुळाच्या टोकापलीकडे
एक पांढरा ठिपका.
तिळाएवढाही नाही.
तो कुठल्याच लिफाफ्यात नव्हता,
माझ्या अंगठ्यात होता.

त्याला कागद देते. पाच रेघा,
प्रत्येक दहा सेंटिमीटर.
डावं टोक: काही दुखत नाही.
उजवं टोक: याहून जास्त दुखूच शकत नाही.
सहा तासांनी, बारा, चोवीस,
अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी
एकेक फुली मारायची, बस.

आठवड्याने कागद परत आला,
चहाचा गोल डाग पडलेला.
फुली एकही नाही.
रेघांवर बारीक गोल, पेन्सिलने, एकाला एक लागून,
तिसऱ्या रेघेवर तर सातपासून दोनपर्यंत
आणि परत सातपर्यंत,
काही पोकळ, काही गच्च काळे.

असंच होतं, तो म्हणाला.
ठणका एका जागी बसतो कुठे?
रात्री ठसठसत यायचा, मग सणक,
मग नुसतीच रग, पहाटे पुन्हा पहिल्या मण्यावर.
बायको म्हणाली, झोप. मी मोजत बसलो.

मी पट्टी ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली.
सगळ्यात काळा गोल सहा पूर्णांक चारवर होता.
प्राध्यापक झुहाल म्हणाल्या,
एक आकडा लिही, नाहीतर वगळ.
मी त्यांच्यापुढे दाताच्या कण्या केल्या,
शेरा तरी लिहू द्या म्हणून.
रकान्यात शेऱ्याला जागा नव्हती.

वसंतात तक्ता पुरा झाला.
दोन्ही लिंपणांत म्हणण्यासारखा फरक नाही,
तिसऱ्या दिवसापर्यंत सगळेच निवतात.
त्रेचाळीस क्रमांकाचा रुग्ण: वगळला.
ठिपक्यासाठी रकाना मी मागितलाच नाही.

आज तो तपासणीला आलाय.
बाहेर मुस्लू चहा फिरवतोय,
आणि उस्ताने त्याच बाजूच्या दाढेखाली
साखरेचा कडक खडा धरलाय,
आमच्याकडे धरतात तसा, चहाआधी.
कट्.

मी दाराच्या आत, हात ओले,
ओरडण्याची वाट बघत.
ऐकू येतो तो फक्त चहाचा भुरका.
मग दुसरा.