शब्दांची अट

एका गाण्याचे सात तेत्री.
कुताइसीत एका पावाला
वीसेक गाणी लागतात.
नव्वद सेकंद ऐकल्याशिवाय
पुढचं बटण उजळत नाही.

शाळाशाळांतले पियानो
चाळीस वर्षं सुरात लावले नानुलीने.
आता लिहिते :
आवाज स्वच्छ, ढोल फार पुढे,
शेवट रेंगाळला.

आज कुण्या पोराच्या गाण्यात
मागे चमचा पडला,
कुणीतरी दबकं हसलं,
आणि तो गात राहिला तसाच,
हसू आवरत.

तिने लिहिलं :
बाळा, तो चमचा काढू नकोस.

खाली लाल अक्षरं :
शब्द कमी पडले. किमान वीस हवेत.

पडले खरे,
ती स्क्रीनला म्हणाली,
आणि गाणं पुन्हा लावलं.
फुकट.