एकेचाळीस, उजवा जरा रुंद

जुंबेर वरच्या मजल्यावर राहतो.
सकाळी नऊला कठडा धरून खाली येतो
आणि म्हणतो, "त्सिआला, चपला काढ."
सत्तरीच्या बाईला कुताइसीत
असं दुसरं कुणी म्हणत नाही.

काय करणार, पायांचं लाकूड झालंय.
अडतीस वर्षं शिलाईयंत्राच्या पायट्यावर
तीच टाच, तोच ठेका.
मी नाचणाऱ्या पुरुषांचे मऊ बूट शिवायची,
बोटं मुडपून पेरांवर उभे राहणाऱ्यांचे.
त्या बुटांत लाकडाचा ठोकळा नसतो, कापूस नसतो,
आत नुसता पाय.
शहरातल्या निम्म्या पायांची मापं मला पाठ,
आणि स्वतःच्या पायांची गाठ
मोजे काढताना पडेल तेवढीच.

पहिल्या दिवशी त्यानं फरशीवर टॉवेल पसरला.
"बोटांनी ओढ."
मी बोटांकडे बघत राहिले,
बोटं माझ्याकडे.
"बरं, अंगठा एकटा उचल. बाकीच्यांनी बसायचं."
अंगठा ढिम्म.
उरलेली चारही उठली, करंगळीसकट,
कचेरीत साहेब आल्यावर उठतात तशी.
जुंबेर हसला नाही. म्हणाला,
"चूक. पुन्हा."

मग वाइनची रिकामी बाटली,
तळव्याखाली पुढेमागे, लाटण्यासारखी.
मग जिन्याच्या कडेवर चवडे,
टाचा वर, टाचा खाली, मोजून वीस;
तिसऱ्या मजल्यावरची पोरं
वाकून बघत होती, बघू देत.
मग कॉफीला उकळी येईपर्यंत एका पायावर उभं राहणं.
कॉफी दोनदा उतू गेली,
एकदा मी.

फेब्रुवारीत केव्हातरी,
रिओनीचं पाणी गढूळ होतं त्या आठवड्यात,
डाव्या पायाचा अंगठा उठला.
एकटा.
मी शेजारच्या एलिकोला हाक मारून दाखवला.
तिनं चष्मा आणला, पाहिला, म्हणाली,
"छान आहे. आता काय करणार त्याचं?"

त्याच्या बहिणीच्या गावाहून अक्रोड आले.
बोटांनी उचलायचे, घमेल्यात टाकायचे.
मी सात टाकले. आठवा घरंगळत कपाटाखाली गेला.
जुंबेरही शेजारी बसला, मोजे न काढता,
आणि खेळल्यासारखा एक उचलू लागला.
अक्रोड केव्हाच निसटला होता,
त्याचा पाय तसाच, हवेत, मूठ आवळून,
घमेल्यापर्यंत गेला आणि उघडला.
खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं,
"पडला?"

काही आवाज झाला नव्हता.

तेव्हा मला तो कठडा कळला.
"कधीपासून?"
"दोन हिवाळे झाले. साखर."
डॉक्टरनं सांगितलंय, रोज रात्री तळवे बघ,
खडा टोचला तरी तुला कळणार नाही.
"वाकता येत नाही," तो म्हणाला,
"आणि आरशात
दुसऱ्याचेच वाटतात."

मी मोजे काढले.
एकेचाळीस, उजवा जरा रुंद,
अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख एका दौऱ्यात गेलं ते गेलंच.
तीस जोड शिवले होते मी या पायांना,
उघडे कधी पाहिले नव्हते.
पेरांवरचे घट्टे अजून तिथेच,
वाजवणारे निघून गेल्यावर
राहिलेल्या खुर्च्यांसारखे.

आता माझे वीस झाले की त्याची पाळी.
तो डोळे मिटतो,
मी दोऱ्याचं टोक एकेका बोटाला लावते.
"हे कुठलं?"
"मधलं."
तो अंगठा असतो.

लोक सांगतात, म्हातारपणी एकमेकांना
थोडं खोटं बोलावं.
मी बूट शिवणारी. वाकडी शिवण झाकली
तर पहिल्या उडीला उसवते.
"चूक," मी म्हणते. "पुन्हा."

काल त्यानं करंगळी बरोबर सांगितली.
कळली की अंदाज केला, मी विचारलं नाही.
दोरा गुंडाळून ठेवला,
आणि कपाटाखालचा अक्रोड
बसल्या जागेवरून, पायानंच,
काढला.