उजव्या कडेचा पोरगा

पहिली प्रत कॅसेट होती.
लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारीवर,
इलाही मुजावरची व्हिडिओ लायब्ररी.
भाडं दहा रुपये,
रिवाइंड न करता आणली तर पाच दंड.
त्या सामुरायचा चेहरा आम्हांला नीट दिसलाच नाही कधी.
गिरणीत उडावं तसं पीठ उडत असायचं पडद्याभर,
आणि इंग्रजी अक्षरं अर्धी चौकटीखाली गेलेली.
इलाही म्हणायचा,
कळतंय न्हवं? मग वाचाय कशाला पायजे?

मी उद्यमनगरात लेथवर.
केसाएवढा फरक पडला की जॉब भंगारात.
दोन वस्तू शेजारी ठेवल्या की
माझा हात आपोआप खिशातल्या मायक्रोमीटरकडे जातो.

तर, नदीचा उतार.
म्हातारा सामुराय नावेची वाट बघत बसलाय
आणि उजवीकडे बघून बोलतोय.
उजवीकडे कुणीच नाही.
वीस वर्षं मी धरून चाललो, मेलेल्या भावाशी बोलतोय.
इलाही म्हणायचा, देवाशी.
रंगा वडणगेकरानं तर शंभराची पैज लावलेली, नदीशीच.
मिसळीचा कट दोनदा मागवून
किती रविवार घालवले आम्ही त्या रिकाम्या जागेवर.

मधे एक व्हीसीडी येऊन गेली, दोन तबकड्यांची.
तलवार म्यानातून अर्धी बाहेर, आणि
दुसरी तबकडी घाला.
तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

डीव्हीडी रंगाच्या जावयानं ओसाकाहून आणली.
चित्र लांबट, वर-खाली काळ्या पट्ट्या.
रंगा ओरडला, पट्ट्यांनी पिक्चर खाल्लं की!
तेवढ्यात नदीचा उतार आला.

उजव्या कडेला एक पोरगा बसला होता.
आठ-नऊ वर्षांचा.
म्हाताऱ्याची गवती चप्पल मांडीवर घेऊन
तुटलेला बंद वळत.

तो पहिल्यापासून तिथंच होता.
चौकोनी टीव्हीत मावेना म्हणून
कुठल्यातरी टेबलावर, कुणीतरी, चहा पिता पिता
त्याला कापला होता.
रंगानं शंभराची नोट काढून टीव्हीवर ठेवली.
कुणी उचलली नाही.

नवी प्रत गेल्या महिन्यात आली. धुऊन काढलेली.
पोराच्या नखांतला चिखल दिसतो,
सामुरायच्या कपाळावर केसांच्या टोपाची शिवण दिसते
(ती दिसायला नको होती).
आणि शेवटची झुंज पहिल्यांदाच अख्खी दिसली.
कारण आमच्या कॅसेटवर नेमक्या तिथंच
कुणीतरी चाळीस सेकंद खासबागेतली कुस्ती टेप केलेली:
दोघं समोरासमोर, वारा,
मग एकदम हलगी, लाल माती, घुटना टाकून बसलेला पैलवान,
मग पुन्हा वारा, आणि एक जण आडवा.
आमच्या लेखी तो सामुराय असाच मेला, कोल्हापुरात.

खरे चाळीस सेकंद मी घड्याळ लावून पाहिले.
कुणी हलत नाही.
लव्हाळं वाकतं, उठतं.
आवाज इतका स्वच्छ की काहीच ऐकू येत नाही.
मी हलगी शोधत राहिलो.

परवा तबकडी इलाहीकडे घेऊन गेलो.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला भितोय.
पडद्याला नाक लावून बसला आणि म्हणाला,
आपलीच कॅसेट हाय की रं ही.
तसंच पीठ उडतंय.
मी म्हटलं, व्हय.

पोरगा हाय?
हाय.
काय करतोय?
बंद वळतोय अजून.
मग बरं, म्हणाला, आणि भिंतीला टेकला.

निघताना हाक आली:
रिवाइंड करून ठेव, न्हाईतर पाच रुपये.
तबकडीला रिवाइंड नसतं.
तरी मी परत फिरलो, चप्पल न काढता,
बटण दाबून धरलं,
आणि सगळं मागं मागं जाऊन
नाव यायच्या आधीपर्यंत उभा राहिलो.