मागचं दार

पुंता अरेनासच्या चौकात दोर बांधलेले असतात,
धरून चालायला.
नव्या मुलांना मी सांगतो, आधी तो दोर धरून या,
मग पेन्सिल धरा.

इग्नासियानं यंदा पेन्सिल धरलीच नाही.
गृहपाठ साधा होता : ओळखीची एखादी इमारत मोजा,
संगणकात उभी करा,
तिच्यावर वारा सोडा.
तिनं निवडली वास्तुकलेची आमचीच शाळा.
मी बांधलेली. सत्त्याण्णव साली, केस काळे असताना.

पडद्यावर पश्चिमेकडून निळ्या रेघा निघाल्या,
सामुद्रधुनीवरून, शिस्तीत,
कातरणीला निघालेल्या मेंढ्यांसारख्या,
आणि माझ्या लांब भिंतीपाशी आल्या.
(ती भिंत आडोशासाठी. तिचा फोटो मासिकात आला होता.)
टोकाशी रेघा वळल्या, पिवळ्या पडल्या,
भोवरा होऊन लालभडक
नेमक्या मागच्या दारात घुसल्या.

वर्गात कुणी हललं नाही.
इग्नासिया चिलोए बेटावरची, होड्या बांधणाऱ्या मान्सीयांच्या घरातली.
मोठ्यानं बोलायची सवय नाही तिला.
"सर, जाळी बारीक करून पुन्हा चालवलं. तीनदा.
मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मागचं दार.
सव्वीस हिवाळे आपटणारं.
बिजागऱ्या बदलल्या, एक काच, मग दुसरी काच,
आणि शिपाई एलेउतेरियोला तीन कडक पत्रं :
कडी लावत जा.
त्याच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे.
कशानं, ते मी कधी विचारलं नाही.
इमारतीवर वारा सोडायला आत्ता शिकलो,
माणसाला वाऱ्यावर सोडून
इतकी वर्षं झाली होती.

इग्नासियाला सातापैकी सात दिले
आणि जिना उतरलो.

एलेउतेरियो दाराचा दोर नळाला बांधत होता,
रोज चारला बांधतो तसा.
म्हटलं, दोष दाराचा नाही, भिंतीचा आहे.
"पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, साहेब.
तुम्ही म्हणालात, आकडे आहेत का तुझ्याकडे?"

आता आहेत. रंगीतसुद्धा आहेत.

मी दोराचं दुसरं टोक धरलं, ओढलं,
गाठ सुटून हातात आली.
"असं नाही," तो म्हणाला,
"हा झोत आधी जाऊ द्या."